लष्करी धावपट्टीवर ऑटोक्रॉस भरवताना

दोन-अडीच किलोमीटरची सपाट पट्टी समोर दिसली की कोर्स आखणाऱ्याचा हात सैल सुटतो आणि सगळ्या अडचणी तिथूनच सुरू होतात. ऑटोक्रॉस म्हणजे कोन (रस्त्यावर ठेवतात ते शंकू) मांडून आखलेल्या वाटेवर प्रत्येक गाडीनं वेळ लावून मारलेली फेरी; तिथे कस लागतो वळणांवर. सरळ भाग लांबला की वेग वाढतो आणि चुकीची किंमतही. म्हणून अर्जातच 600 ते 800 मीटरचा तुकडा मागा. तेवढा पुरतो, आणि लष्करी तळालाही परवानगी देणं सोपं जातं.

तळाकडून लेखी घ्यायच्या गोष्टी: विम्यात तळाचं नाव, वाहनांची आणि माणसांची यादी कधी द्यायची, फोटो व ड्रोनचे नियम, वॉकीटॉकीची फ्रीक्वेन्सी. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे विमान उतरवायची वेळ आली तर पट्टी किती मिनिटांत रिकामी करून द्यायची. हा आकडा हातात आल्याशिवाय कोर्स आखू नका. दहा मिनिटं मिळणार असतील तर दोनशे कोन आणि टायमर उचलायची एकदा रंगीत तालीम करा.

आधी पायी फिरून पाहा. लष्करी पट्टीवर आडवी अरेस्टर केबल, म्हणजे उतरणाऱ्या विमानाला अडवून थांबवणारी तार, असू शकते; तो भाग पूर्ण वगळा. विमानं टेकतात तिथे टायरचं काळं रबर साचलेलं असतं. ओलं झालं की त्यावर पकड जाते, पांढऱ्या रंगाच्या पट्ट्यांवरही तेच. काँक्रीटचे सांधे वर आले असतील तर तिथे जोराचं ब्रेकिंग येऊ देऊ नका.

आता आखणी. 45 मीटर रुंदीच्या पट्टीवर दोन्ही कडांना 8-8 मीटर सोडा, कारण कडेचे दिवे महाग असतात आणि गाडीखाली आले की परवानगीसुद्धा जाते. उरलेल्या 29 मीटरमध्ये एक लेन जायची, एक यायची, मध्ये निदान 12 मीटर मोकळे. गेटची, म्हणजे ज्या दोन कोनांमधून गाडी जाते त्यांच्यामधली, रुंदी साडेचार मीटरपेक्षा कमी नको. नवखे असतील तर साडेपाच करा. स्लॅलमचे, म्हणजे एका ओळीतले डावी-उजवीकडून वळत पार करायचे, कोन 15 ते 20 मीटरवर ठेवा आणि अंतरं थोडी असमान ठेवा, नाहीतर सगळे एकाच ठेक्यात निघून जातात. बहुतेक गाड्या दुसऱ्या गिअरमध्येच राहिल्या पाहिजेत. कुठे ताशी 100 किमीच्या वर जायला लागल्या तर तिथे आणखी एक वळण घाला. शेवटची बीम (गाडीनं तोडली की टायमर थांबवणारा प्रकाशझोत) संथ वळणानंतर लावा आणि पुढे थांबायला 60 मीटर द्या. त्या रेषेत माणसं किंवा उभ्या गाड्या नकोत. आखणाऱ्यानं आधी स्वतः मध्यम वेगात चालवून पाहावं.

टायमरच्या बीमचा त्रास नेहमीचा. कललेलं ऊन थेट रिसीव्हरमध्ये शिरलं की खोटी वेळ पडते, म्हणून रिसीव्हरची पाठ सूर्याकडे करा. धावपट्टीवर वाऱ्याला आडोसा नसतो, तेव्हा स्टँडच्या पायांवर वाळूच्या पिशव्या ठेवा.

कोनच्या बुडाभोवती खडूनं चौकोन आखा. रंग किंवा खिळा चालत नाही. कोन पडला किंवा चौकोनाच्या पूर्ण बाहेर गेला तर 2 सेकंद दंड, उभा राहून रेषेला टेकत असेल तर काही नाही. गेट चुकलं तर ती फेरी बाद. प्रत्येक मार्शलकडे (कोर्सवर लक्ष ठेवणाऱ्या माणसाकडे) लाल झेंडा, अग्निशामक आणि वॉकीटॉकी असावा. मार्शलनं कोर्सकडे पाठ करून उभं राहायचं नाही.

60 गाड्या, प्रत्येकी 4 फेऱ्या, दर 30 सेकंदांनी एक गाडी सोडली तर कागदावर 2 तास होतात. प्रत्यक्षात 3 धरा.

तपासणीत चाकाचे नट टॉर्क रेंचनं, बॅटरी आवळणारी पट्टी, ब्रेक पेडल, पाय काढल्यावर परत येणारा थ्रॉटल, हेल्मेट आणि गाडीत सुटी वस्तू नाही हे पाहा. तेल-पेट्रोलची गळती असेल तर गाडी सोडू नका: डांबर त्यानं विरघळतं. शोषक भुकटी जवळ असू द्या.

शेवटी सफाई. विमानाच्या इंजिनात खेचला गेलेला एक नट ब्लेड तोडू शकतो. सगळ्यांनी एकेका मीटरवर ओळीत उभं राहून पूर्ण तुकडा चालायचा. सापडतात ते रबराचे गोळे, व्हॉल्व्हच्या टोप्या, केबल टाय आणि चाकावरून उडालेली बॅलन्सिंगची वजनं. कोन मोजून भरा. एक जरी कमी भरला तरी तळाचं गेट सोडू नका.