बालवाडीच्या तोंडावर ऑपरेशन

मुलाच्या जांघेतला हर्निया आपोआप बरा होणार नाही, ऑपरेशन करावंच लागेल, असं डॉक्टरांनी सांगितलं. इकडे जूनपासून गंगापूर रोडला बालवाडी सुरू होणार. आम्ही ऑपरेशन मे महिन्यातच उरकलं. बालवाडीत जायला लागलं की मुलांना सारखी सर्दी होते, सर्दीत भूल देणं जोखमीचं, मग तारीख पुढे ढकलावी लागते.

खरी तयारी घरातच. भूल देताना तोंडावर लावतात त्या मास्कचा खेळ आधीपासून चालू होता, कापडी हत्तीला रोज लावायचो. ऑपरेशनचं मात्र आदल्या दिवशीच सांगितलं, लहान मूल आठवडाभर धास्ती घेऊन बसतं. "दुखणारच नाही" असं म्हणायचं नाही, हे आजीलाही बजावलं होतं. नुसतं "झोपवतील" म्हटलं तर रात्री झोपायचीही भीती बसते. म्हणून, "डॉक्टरकाका खास औषध देतील, काम झालं की जाग येईल, मग आई जवळच असेल."

उपाशी ठेवणं सगळ्यात अवघड. खाणं-दूध ६ तास आधी बंद, साधं पाणी २ तास आधी. त्यासाठी सकाळचा पहिला नंबर जरूर मागून घ्या.

बालवाडीच्या बाईंनाही भेटून सांगितलं: डॉक्टर म्हणेपर्यंत घसरगुंडी नको.