एक्झॉस्ट फिरतोय, तरी ठसका हॉलमध्येच? स्वयंपाकघरातल्या हवेच्या या चुका टाळा

एप्रिल महिना, काळ्या तिखटाचे दिवस. मी मिरच्या भाजायला घेतल्या आणि दोन मिनिटांत हॉलमधून सासूबाईंच्या खोकण्याचा आवाज आला. त्यांच्यामागोमाग मुलगा. डोक्यावर नवा कोरा 9 इंची एक्झॉस्ट घरघरत होता, तरी ही गत. वायरमनला बोलावलं. त्यानं वर बघितलं, बघूनच सांगितलं, "वहिनी, 12 इंची बसवू." पैसे काढायच्या आधी मी देवघरातली उदबत्ती आणली, आणि ते बरं केलं.

उदबत्ती पंख्याजवळ धरली तर धूर सुर्रकन बाहेर. शेगडीवर धरली तर धूर सरळ छताला जाऊन तिथंच रेंगाळला. मग पंख्याच्या खालच्या उघड्या खिडकीपाशी नेली, आणि खरा प्रकार कळला. खिडकीतून आत येणारी हवा उदबत्तीचा धूर घेऊन थेट दोन फुटांवरच्या पंख्यातून बाहेर पडत होती. म्हणजे पंखा बाहेरचीच हवा आत घेऊन पुन्हा बाहेर टाकत होता. शेगडीवरच्या धुराला त्यानं हातही लावला नव्हता.

ही सगळ्यात जास्त घरांत दिसणारी चूक. एक्झॉस्टशेजारची खिडकी स्वयंपाक करताना लावून घ्या आणि समोरच्या बाजूचं दार किंवा खिडकी उघडा. हवेनं शेगडीवरून जाऊन मगच पंख्यापर्यंत पोचायला हवं. आम्ही तेवढंच केलं. 12 इंची पंखा अजून दुकानातच आहे.

दार लावून घेण्याची चूक

दुसरी चूक याच्या बरोबर उलटी. "धूर हॉलमध्ये नको" म्हणून लोक स्वयंपाकघराचं दार घट्ट लावतात, खिडकीही लावतात आणि वर एक्झॉस्ट सुरू करतात. बंद खोलीतून पंखा हवा काढणार कुठून? आत यायला वाट नसेल तर बाहेर काहीच जात नाही, पंखा नुसता ओरडतो. दार बोटभर उघडून बघा. हात लावला तर फटीतून हवा आत खेचलेली जाणवते आणि पंख्याचा आवाजही बदलतो. दाराखाली एखाद इंच फट ठेवली तरी पुष्कळ फरक पडतो.

माळवदाच्या जुन्या घरांत चुलीच्या वर सानं, म्हणजे छतातला झरोका, असायचं. वरून धूर जायचा, खालून दारातून हवा यायची. वीज नाही, पंखा नाही, पण हवेला आत यायची आणि बाहेर जायची वाट होती. स्लॅबच्या घरात आपण सानं बुजवलं आणि त्याच्या जागी पंखा लावला, दाराचं मात्र विसरलो.

सोलापुरी उन्हाळा, कूलर आणि भाकरी

मे महिन्यात पारा 42-43 वर गेला की दुपारी खिडकी उघडावीशी वाटत नाही, ते खरंच आहे. बाहेरची झळ आत घेऊन स्वयंपाक कोण करणार? अशा वेळी हवा हॉलमधून येऊ द्या. हॉलच्या खिडकीत कूलर असेल तर स्वयंपाकघराचं दार उघडं ठेवून एक्झॉस्ट चालू करा. कूलरची हवा हॉलमधून स्वयंपाकघरात येते आणि वास घेऊन बाहेर जाते. कूलरलाही तेच हवं असतं. बंद घरात तो नुसता दमटपणा वाढवतो. पण कूलर स्वयंपाकघराच्याच खिडकीत बसवला, तर फोडणीचा सगळा वास तो हॉलमध्ये ढकलणार. ओळखीच्या एका घरी पाहुण्यांच्या कपड्यांनाही लसणाचा वास लागायचा.

छताचा पंखा स्वयंपाक करताना बंदच ठेवावा. तो धूर बाहेर काढत नाही, वर गेलेला धूर पुन्हा खाली ढवळतो. शिवाय आच हलते, थापलेली भाकरी कडेनं सुकून चिरते, हे भाकरी करणाऱ्यांना सांगायला नको. कडक भाकरी तर मंद आचेवर बराच वेळ वाळवावी लागते, तेवढा वेळ सगळी उष्णता खोलीत साठते. म्हणून एक्झॉस्ट शेगडी पेटवायच्या आधी सुरू करा आणि विझवल्यावरही दहा मिनिटं चालू ठेवा.

आणि एक. पावसाळ्यात आपल्याकडे वारा पश्चिमेकडून, नैर्ऋत्येकडून जोरात येतो. पंखा त्याच भिंतीत असेल तर हवा उलटी आत येते, कधी पावसाचे थेंबही. पंखा हलवता येत नसेल तर बाहेरून आपोआप मिटणाऱ्या पट्ट्यांचं झाकण बसवून घ्या.

पंखा किती मोठा?

10 बाय 8 ची खोली, उंची 10 फूट, म्हणजे 800 घनफूट हवा. ती तासाला 15 वेळा बदलायची तर तासाला 12,000 घनफूट, म्हणजे साधारण 340 घनमीटर. पंख्याच्या खोक्यावर हा आकडा दिलेला असतो, तो बघून घ्या. भाजण्या-तळण्याचं काम जास्त असेल तर थोडा वाढवून घ्यावा. चिमणीच्या खोक्यावरचा आकडा मात्र पाइप न जोडता मोजलेला असू शकतो. पाइप जितका लांब आणि जितकी वळणं जास्त, तितकी ओढ कमी. एका घरी मिस्त्रीनं 6 इंची तोंडाला 4 इंची पाइप जोडून दिला होता. दोन इंचांनी काय बिघडतं, असं वाटेल, पण हवेला जायची जागा निम्म्याहूनही कमी होते. चिमणी शेगडीपासून साधारण 26 ते 30 इंचांवर असावी, नेमकं माप पुस्तिकेत बघा.

चिकटा

खिडकीची मच्छरजाळी उजेडासमोर धरून बघा. तेलाचा चिकटा आणि त्यावर आपली धूळ बसून ती जवळजवळ बुजलेली असते. जाळी काढून गरम पाण्यात धुण्याचा सोडा टाकून भिजवा. पंख्याची पाती महिन्यातून एकदा पुसा, पण आधी प्लग काढून. चिमणीची फिल्टर-जाळी अॅल्युमिनियमची असेल तर सोडा नको, ती काळी पडते. साबणाचं गरम पाणी पुरे.

गॅसचा वास आला तर

इथं मात्र एक्झॉस्टचं बटण दाबू नका. सिलिंडरमधला स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा जड असतो, तो खाली फरशीवर पसरतो. वरचा पंखा त्याला ओढत नाही, उलट बटणाची ठिणगी घात करू शकते. चालू असलेलं बटणही बंद करायला जाऊ नका. शेगडी-समई विझवा, रेग्युलेटर बंद करा, दारं-खिडक्या उघडा आणि घराबाहेर येऊन 1906 या क्रमांकावर फोन करा. सिलिंडरजवळच्या भिंतीत फरशीलगत जाळी असेल तर तिच्यासमोर पिठाचा डबा ठेवू नका. आमच्याकडे तो दोन वर्षं तिथंच होता.