लॅक्रॉस: आक्रमणाचा सराव भिंतीपासून सुरू करा

लॅक्रॉसमध्ये जाळी लावलेल्या स्टिकने चेंडू झेलून-फेकून गोल करायचा असतो. आक्रमक एकाच हाताने खेळतो हे कळलं की बचावपटूचं अर्धं काम झालं. तो तेवढी बाजू अडवून उभा राहतो. म्हणून सराव गोलसमोर नव्हे, भिंतीसमोर सुरू करा, आणि तोही कच्च्या हाताने.

आधी स्टिक बघा. पुरुषांच्या फील्ड लॅक्रॉसमध्ये आक्रमकाची स्टिक ४० ते ४२ इंचांची असते. चेंडू पॉकेटमध्ये, म्हणजे जाळीच्या खोलगट भागात, ठेवून ती डोळ्यांसमोर आडवी धरा. चेंडूची वरची कड आणि हेडची (जाळीभोवतीच्या चौकटीची) खालची कड यांच्यामधून उजेड दिसला, तर पॉकेट नियमापेक्षा खोल आहे. तळाच्या दोऱ्या आवळा. महिलांच्या स्टिकचं पॉकेट याहून बरंच उथळ असतं.

भिंतीवर डोक्याच्या उंचीला खडूने ताटाएवढं वर्तुळ काढा आणि ४-५ मीटरवर उभे राहा. जवळपास काचा नकोत. चेंडू टणक रबराचा, १४२ ते १४९ ग्रॅमचा, म्हणजे क्रिकेटच्या चेंडूहून थोडाच हलका. खालचा हात दांड्याच्या टोकाला, वरचा त्याच्यापासून खांद्याच्या रुंदीइतका वर. फेकताना खालचा हात स्वतःकडे ओढायचा, वरचा वर्तुळाच्या दिशेने न्यायचा. परतलेला चेंडू कानाजवळ घ्या, आणि उंच झेल घेताना हात मागे नेतो तशी स्टिक मागे न्या. चेंडू आपटल्याचा आवाज आला की समजा, हात ताठ होते. चांगला हात वर ठेवून ५०, कच्चा हात वर ठेवून १००. ते जमलं की उजव्याने झेलून हात बदला आणि डाव्याने फेका.

चेंडू सारखा जमिनीकडे जात असेल तर तो उशिरा सुटतोय: खालचा हात जास्त ओढला जातोय किंवा खोल पॉकेटमुळे चेंडू वरच्या दोऱ्यांत अडकतोय. वर्तुळाच्या वरून जात असेल तर तो लवकर सुटतोय. चूक हाताची की पॉकेटची, हे दुसरी स्टिक घेऊन दहा पास मारले की कळतं.

आता स्प्लिट डॉज, म्हणजे हात बदलून बचावपटूला चकवणं. बचावपटूच्या जागी शंकू ठेवा. पाऊण वेगाने सरळ त्याच्यावर जा. दीड-दोन मीटर उरले की उजवा पाय बाहेर घट्ट रोवा, स्टिक उभी ठेवून नाकासमोरून डाव्या हातात घ्या आणि पुढची तीन पावलं पूर्ण वेगाने टाका. बहुतेकांचं बिघडतं ते हात बदलताना. स्टिक आडवी होते, हेड शरीरापासून लांब जातं आणि बचावपटूला फटका मारायला चेंडू आयता मिळतो. दुसरी चूक वेगाची: डॉजनंतर वेग वाढला नाही तर हुकलेला माणूस पुन्हा समोर येतो. रोल डॉज, म्हणजे गिरकी घेऊन चकवणं, नंतर शिका. त्यात पाठ फिरते आणि मदतीला धावून येणारा दुसरा बचावपटू दिसत नाही.

शॉटला गोल ६ फूट रुंद, ६ फूट उंच. पुरुषांच्या मैदानी खेळात त्याभोवती ९ फूट त्रिज्येचं वर्तुळ, म्हणजे क्रीज, असतं. १० मीटरवरून सुरुवात करा. खांदा गोलकडे, दोन्ही हात छातीपासून लांब, वजन मागच्या पायावरून पुढच्या पायावर. हात अंगाला चिकटले की जोर फक्त मनगटातून येतो. चारही कोपऱ्यांत जुने टी-शर्ट बांधा, मारण्याआधी कोपरा मनाशी ठरवा, आणि गोलमागे कोणी उभं राहू देऊ नका. गोलकीपरसमोर त्याच्या स्टिकच्या विरुद्ध बाजूच्या कमरेजवळ मारून बघा. तिथे स्टिक आणायला त्याला सर्वांत जास्त वळावं लागतं.

लॅक्रॉसमध्ये गोलच्या मागेही खेळता येतं. जोडीदाराला तिथे उभं करून त्याचे पास क्रीजसमोर झेला आणि क्रेडल न करता, म्हणजे स्टिक झुलवत चेंडू न सांभाळता, थेट मारा. पास बघायला गोलकीपर मागे वळलेला असतो. तो पुन्हा वळायच्या आत चेंडू सुटला पाहिजे.

लॉस एंजेलिसच्या २०२८ ऑलिम्पिकमध्ये सिक्सेस प्रकार आहे: एका बाजूला सहा जण आणि शॉटसाठी ३० सेकंद. त्यात धाप लागलेली असतानाच शॉट मारावा लागतो. म्हणून शेवटचे दहा शॉट २० मीटर पळून आल्यावर मारा, त्यातले सहा कच्च्या हाताने.