थंडीतला मसालेदार ग्रीन टी : पत्तीला एक पाणी, मसाल्याला दुसरे

मसाला घातलेला ग्रीन टी कडू झाला की दोष पत्तीच्या माथी मारला जातो आणि उपाय म्हणून त्यात चमचाभर मध ढवळला जातो. मीही कित्येक हिवाळे हेच करत होतो. दालचिनीला जितका वेळ उकळावे लागते तितके उकळणे ग्रीन टीच्या पानाला सोसत नाही, ही साधी गोष्ट लक्षात आल्यावर मी दोघांची पातेली वेगळी केली आणि मधाची गरज जवळजवळ संपली.

काळा चहा आणि ग्रीन टी एकाच झाडापासून मिळतात. मात्र ग्रीन टीची पाने खुडल्यानंतर लवकरच वाफेवर किंवा कढईत तापवली जातात, त्यामुळे त्यांचे काळे पडणे थांबते आणि कॅटेचिन ही तुरट-कडू द्रव्ये पानात भरपूर शिल्लक राहतात. पाणी जितके कढत आणि पान त्यात जितका जास्त वेळ, तितकी ही द्रव्ये चहात अधिक उतरतात. चहाला गोडसर, भरीव चव देणारे थिॲनिन मात्र कमी तापलेल्या पाण्यातही सहज उतरते, म्हणून ग्रीन टीसाठी ७५ ते ८० अंश सेल्सिअसचे पाणी योग्य मानले जाते. थंडीत नेमकी इथेच पंचाईत होते, कारण एवढेच तापलेले पाणी गार कपात पडले की दोन-तीन मिनिटांनी हाती येतो तो कोमट चहा, आणि तो पुन्हा गॅसवर ठेवला तर रंगही जातो नि चवही.

यावरचा उपाय असा. दोन मोठ्या कपांसाठी ३०० मिलिलिटर पाण्यात बोटाच्या दोन पेरांएवढा दालचिनीचा तुकडा, एकच लवंग, जाडसर ठेचलेले तीन-चार मिरे आणि आल्याच्या चार पातळ चकत्या घालाव्यात. आधण आले की आच मंद करून, झाकण ठेवून, ८ ते १० मिनिटे उकळू द्यावे. दुसरीकडे १५० मिलिलिटर पाणी उकळून खाली उतरवावे, ते एका भांड्यातून दुसऱ्या भांड्यात दोनदा ओतून जरा निववावे आणि मग त्यात ४ ग्रॅम, म्हणजे साधारण दोन चहाचे चमचे, पत्ती घालावी. दोन मिनिटे, फार तर अडीच मिनिटे पत्ती मुरली की चहा गाळून घ्यावा. पत्ती बाजूला झाल्यावर मसाल्याचे कढत पाणी गाळून त्यात मिसळायला काहीच हरकत नसते, कारण कडवटपणा ज्यातून उतरायचा ते पानच आता चहात नसते. मिसळलेला चहा साधारण ८५ अंशांच्या आसपास भरतो, म्हणजे हिवाळ्यात फुंकर मारून प्यावा इतका गरम.

वेलदोड्याचे मात्र निराळे आहे. त्याचा सुगंध उडून जाणारा असल्यामुळे तो इतर मसाल्यांबरोबर दहा मिनिटे उकळला तर वास स्वयंपाकघरात दरवळतो आणि कपात फारसे काही उरत नाही. दोन वेलदोडे सालीसकट ठेचून, आच बंद केल्यावर पातेल्यात टाकावेत आणि लगेच झाकण घालावे. तीन मिनिटांनी झाकण उचलताच नाकाला जी ओलसर, थोडी कापरासारखी झुळूक लागते, तीच गाळण्याची वेळ. केशर घालायचे असल्यास सात-आठ काड्या दोन चमचे कोमट पाण्यात दहा-पंधरा मिनिटे आधी भिजवून ते पाणी शेवटी ओतावे. लवंग एकच घ्यावी असे मी आग्रहाने सांगतो, कारण दुसरी पडली की चहाला दातांच्या औषधाचा वास येऊ लागतो. ताज्या आल्याऐवजी सुंठ घेतल्यास ती अगदी चिमूटभरच असावी. आले सुकताना त्यातील तिखटपणा अधिक झणझणीत होतो. तयार मसाल्याची पूड मी टाळतो, कारण ती तळाशी गाळ धरते आणि शेवटचा घोट खरखरीत लागतो.

कप आधी कढत पाण्याने विसळून गरम करून घ्यावेत. जाड मातीचा किंवा चिनी मातीचा गार कप चहाची बरीच उष्णता पहिल्याच मिनिटात शोषून घेतो. लिंबू पिळायचे तर कपातच पिळावे, त्याने रंग फिका पडतो पण तुरटपणा सुसह्य होतो. मध घालायचाच असेल तर तोही चव पाहिल्यानंतर. थर्मासमध्ये भरायचा चहा पूर्ण गाळलेला असावा, कारण आत राहिलेली चार पानेसुद्धा तासाभरात सगळा चहा कडू करतात.

रिकाम्या पोटी हा चहा काहींना मळमळवतो, आणि जेवणासोबत घेतल्यास अन्नातील, विशेषतः वनस्पतीजन्य पदार्थांतील, लोह अंगी लागण्यात तो अडथळा आणतो. म्हणून जेवणानंतर तासाभराने घेणे बरे. झोप हलकी असणाऱ्यांनी कॅफिनमुळे संध्याकाळनंतर तो टाळावा आणि त्या वेळी नुसते मसाल्याचे पाणी प्यावे, तेही थंडीत काही वाईट लागत नाही. गाळलेली पत्ती लगेच फेकू नये. किंचित अधिक गरम पाण्यात ती आणखी एकदा मुरते आणि तो दुसरा, सौम्य चहा मला बिनमसाल्याचाच आवडतो.