वनस्पतिजन्य पूरके एकत्र घेण्यापूर्वी

इंदूरच्या बहुतेक मराठी घरांत फ्रिजवर असा एखादा डबा सापडतो, ज्यात सियागंजातून आणलेले मेथीचूर्ण, दवा बाजारातली हळदीच्या अर्काची कॅप्सूल आणि मुलाने ऑनलाइन मागवलेली अश्वगंधा गुण्यागोविंदाने नांदत असतात. प्रथम तो डबा टेबलावर रिकामा करावा आणि बाटलीचे नाव नव्हे, तर मागे बारीक अक्षरांत छापलेले घटक व त्यांचे प्रमाण कागदावर उतरवून घ्यावे. माझ्या मावशीच्या तीन वेगळ्या बाटल्यांत काळ्या मिरीचा अर्क तीनदा निघाला. 'मला मिरी उष्ण पडते' म्हणून ती मात्र वरणातली मिरीसुद्धा वेचून बाजूला ठेवते.

मिरीची नोंद अधोरेखित करावी. 1998 साली प्रसिद्ध झालेल्या भारतीय अभ्यासात हळदीतील कर्क्युमिन या घटकाच्या 2 ग्रॅमबरोबर मिरीतील पिपेरिन हा घटक 20 मिलिग्रॅम दिल्यावर माणसांच्या शरीरातील कर्क्युमिनची उपलब्धता 2000 टक्क्यांनी वाढलेली आढळली. आतडे आणि यकृत ज्या विकरांच्या (एन्झाइमच्या) साहाय्याने अशा द्रव्यांचा निचरा करतात, त्यांना पिपेरिन आवर घालते. परंतु हा परिणाम हळदीपुरता मर्यादित राहत नाही, फिट (आकडी) येऊ नये म्हणून घेतल्या जाणाऱ्या फेनिटोइन या औषधाची रक्तातील पातळीही त्यामुळे वाढू शकते. फोडणीतल्या चिमूटभर हळदीची किंवा मिरीची धास्ती घेण्याचे कारण नाही. प्रश्न अर्काचा आहे.

नंतर घटकांची परिणामानुसार बेरीज करावी. लसूण, आले, गिंको (एक चिनी वृक्ष) व हळद यांचे अर्क रक्त गोठण्याची क्रिया मंदावू शकतात. त्यात अ‍ॅस्पिरिन किंवा वॉरफरिन या रक्त पातळ करणाऱ्या औषधांची भर पडल्यास रक्तस्रावाचा धोका वाढतो, म्हणून ठरलेल्या शस्त्रक्रियेच्या किमान दोन आठवडे आधी ही यादी सर्जनांना दाखवावी. कारले, मेथी आणि गुडमार (एक औषधी वेल) मधुमेहाच्या गोळ्यांसोबत घेतल्यास साखर एकदम उतरून घाम व थरथर सुटू शकते. ज्येष्ठमध दीर्घकाळ घेतल्याने पोटॅशियम घटते, आणि रोजची सोनामुखी किंवा लघवी वाढवणारी गोळी त्यात भरच घालते. अश्वगंधा झोपेच्या गोळीची गुंगी वाढवू शकते.

इसबगोल आणि इतर औषधे यांत दोन तासांचे अंतर ठेवावे. लोहाची गोळी चहाबरोबर घेऊ नये.

नवीन पूरक एका वेळी एकच सुरू करावे आणि त्याची तारीख झाकणावर लिहावी. लघवी गडद झाली किंवा डोळे पिवळे दिसले, तर सगळी पूरके थांबवून, डॉक्टरांनी लिहून दिलेली औषधे मात्र स्वतःहून न सोडता, त्याच दिवशी तो कागद घेऊन डॉक्टरांकडे जावे.