बुलेटचे नवे व्हॉल्व आणि टॅपेटचा मोकळेपणा

लोखंडी बॅरलच्या जुन्या 350 बुलेटला नवे व्हॉल्व टाकायचे म्हटलं की जो तो टॅपेटबद्दल, म्हणजे व्हॉल्व ढकलणाऱ्या दांडीखालच्या भागाबद्दल, विचारतो. टॅपेट शेवटी. व्हॉल्व किती वर्षं टिकणार हे त्याआधीच, हेड (व्हॉल्व ज्यात बसतात तो सिलिंडरवरचा भाग) टेबलावर असताना ठरतं.

हेड उतरवण्याआधी टॅपेट सैल करा आणि इंजिन पूर्ण गार असू द्या. व्हॉल्व दाबून उघडणारे रॉकर ज्यात बसतात ते ब्लॉक आणि त्यांच्या कॅप जोडीने घडवलेल्या असतात, म्हणून इनलेट (मिश्रण आत घेणारा) आणि एक्झॉस्ट (धूर बाहेर सोडणारा) व्हॉल्वचे वेगवेगळ्या डब्यांत ठेवा.

आता गाईड, म्हणजे व्हॉल्वचा दांडा ज्यात सरकतो ती नळी, बघा. नवा व्हॉल्व आत घाला, सीटपासून (व्हॉल्व बंद होताना टेकतो ती कडा) बोटभर वर उचला आणि डोकं दोन्ही बाजूंना हलवून पाहा. चांगलंच डुलत असेल तर घासत बसू नका. गाईड बदला आणि त्यानंतर सीट कापून घ्या, कारण नव्या गाईडचा मध्य जुन्या सीटशी जुळेलच असं नाही.

मग घासणी. सीटवर ग्राइंडिंग पेस्टचे तीन-चार लहान ठिपके पुरतात. व्हॉल्वच्या डोक्याला रबरी कप चिकटवा, काठी दोन्ही तळहातांत धरून ताक घुसळल्यासारखी मागेपुढे फिरवा. जोर लावू नका. आठ-दहा फेऱ्यांनी व्हॉल्व उचला, थोडा फिरवून पुन्हा ठेवा. सुरुवातीला खरखर ऐकू येते, मग आवाज मऊ होत जातो. तो मऊ झाला की पुसून बघा: राखाडी, मॅट, अखंड कडं दिसलं पाहिजे. एका जागी जरी चमकदार तुकडा राहिला, तरी तिथून गॅस गळणार. कडं साधारण दीड मिलिमीटर रुंद हवं, एक्झॉस्टचं किंचित जास्त चालेल. पेस्टचा कण गाईडमध्ये राहिला तर नवा व्हॉल्वही खाऊन टाकतो, तेव्हा रॉकेलने दोनदा धुवा.

दांड्याला तेल लावून स्प्रिंग आणि लॉक बसवा. मग पोर्टमध्ये रॉकेल ओतून दहा मिनिटं थांबा. चेंबरच्या बाजूने व्हॉल्वची कडा ओली झाली तर पुन्हा घासा. हेड बसवताना नट तिरप्या क्रमाने, थोडेथोडे आवळा.

आता टॅपेट. प्लग काढा, गाडी टॉप गिअरला घाला आणि मागचं चाक हाताने पुढे फिरवा. इनलेट उघडून बंद झाला की पिस्टन वर येईल ती कॉम्प्रेशनची टीडीसी, म्हणजे पिस्टनची सर्वांत वरची जागा. दोन्ही व्हॉल्व बंद. उजवीकडचं टॅपेट कव्हर काढा. इथे फिलर गेज (फट मोजायची पातळ पट्टी) लागत नाही. अंगठा आणि बोटाच्या चिमटीत पुशरॉड, म्हणजे टॅपेटपासून रॉकरपर्यंत जाणारी दांडी, सहज फिरला पाहिजे, पण वरखाली जराही हलता कामा नये. गार इंजिनला हाच शून्य प्ले (मोकळेपणा), कारण चालू इंजिनात बॅरल आणि हेड पुशरॉडपेक्षा जास्त तापून वाढतात आणि प्ले आपोआप उघडतो. लॉकनट आवळताना ॲडजस्टर (प्ले जुळवायचा स्क्रू) हमखास सोबत फिरतो, म्हणून आवळून झाल्यावर पुशरॉड पुन्हा फिरवून बघा.

मी पहिल्यांदा हे काम केलं तेव्हा टकटक अजिबात नको म्हणून एक्झॉस्ट घट्ट ठेवला. काही आठवड्यांनी किक हलकी झाली. हेड उघडलं तर व्हॉल्वच्या कडेला नखाएवढा तुकडा जळून गेलेला. व्हॉल्वची बरीचशी उष्णता सीटला टेकल्यावरच बाहेर पडते. टेकूच दिलं नाही तर तो जळणारच. शंका आली तर एक्झॉस्ट कणभर सैल ठेवा, थोडी टकटक चालते.

पहिल्या फेरीनंतर गाडी रात्रभर गार होऊ द्या. आधी हेडचे नट तपासा, मग टॅपेट. नवा व्हॉल्व सीटमध्ये मुरतो तसा किंचित वर सरकतो आणि प्ले कमी होतो. म्हणून सुरुवातीच्या दिवसांत मी दर आठवड्याला कव्हर उघडून एक्झॉस्टचा पुशरॉड चिमटीत फिरवून बघतो.