औषध लागू पडतंय का? पीएचक्यू-९ ने कसं मोजावं

नैराश्यावर उपचार सुरू झाल्यावर डॉक्टर विचारतात, "कसं वाटतंय?" उत्तर येतं, "ठीक आहे." एवढ्यावरून डोस वाढवायचा की तोच ठेवायचा, हे ठरत नाही. म्हणून पीएचक्यू-९ ही नऊ प्रश्नांची प्रश्नावली वापरा.

पहिली नोंद उपचाराआधीच करा, नाहीतर पुढचे आकडे कशाशी ताडणार? प्रत्येक प्रश्न मागच्या दोन आठवड्यांबद्दल असतो. अजिबात नाही ०, काही दिवस १, निम्म्याहून जास्त दिवस २, जवळजवळ रोज ३. बेरीज ० ते २७ मध्ये येते. ५ पासून सौम्य, १० पासून मध्यम, १५ पासून मध्यम-तीव्र, २० पासून तीव्र नैराश्य धरतात. निदान मात्र डॉक्टरच करतात.

त्यानंतर दर दोन ते चार आठवड्यांनी भरा. रोज भरण्यात अर्थ नाही, कारण दोन आठवड्यांचा काळ एकमेकांवर चढतो. उत्तरं रुग्णाची स्वतःची हवीत. वाचता येत नसेल तर घरच्यांनी प्रश्न जसाच्या तसा वाचून दाखवावा, "आता झोप बरी लागते ना?" असं सुचवू नये. जुना कागद समोर ठेवून भरू नका. हात आपोआप मागच्याच खुणांकडे वळतो.

समजा, सुरुवातीला १८ होते. चार आठवड्यांनी १५ झाले, तर फरक ३ चा. ५ पेक्षा कमी फरकावर फार विसंबू नये. ९ किंवा खाली आले, म्हणजे निम्मे झाले, तर औषधाला प्रतिसाद आहे. पण थांबायचं तिथे नाही. ध्येय ५ च्या खाली जाण्याचं.

नुसत्या बेरजेवर जाऊ नका. मिर्टाझापिन या नैराश्यावरच्या औषधाने झोप आणि भूक लवकर सुधारते. तेवढ्यानेच आकडा चार-पाचने उतरू शकतो, आणि 'कशातच रस नाही' व 'उदास वाटतं' हे दोन्ही ३ वरच अडलेले असू शकतात. याउलट थायरॉईडचा त्रास किंवा रक्त कमी असेल, तर थकव्याचे गुण उतरत नाहीत. म्हणून डॉक्टरांना पूर्ण कागद दाखवा.

नववा प्रश्न मरणाच्या किंवा स्वतःला इजा करण्याच्या विचारांचा. तिथे १ जरी आला, तरी एकूण बेरीज कितीही कमी असो, त्याच दिवशी डॉक्टरांशी बोला. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा मोफत क्रमांक रात्रंदिवस चालू असतो. जीव धोक्यात वाटत असेल तर माणसाला एकटं सोडू नका, सरळ रुग्णालयात न्या.

आकडा ५ च्या खाली आला म्हणून गोळ्या मनानेच बंद करू नका. बरं वाटू लागल्यावरही औषध साधारण सहा महिने तरी चालू ठेवतात. तोवर महिन्यातून एकदा कागद भरा, आणि आकडा पुन्हा वर चढू लागला तर पुढच्या तारखेची वाट न पाहता डॉक्टरांना भेटा.